सोलच्या टेकडीवरची एक दुपार

तायक्वांदो शिक्षकांसोबत दक्षिण कोरियात सोलला जाऊन आले. नऊ दिवसांपैकी आठ दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सकाळी सराव, दुपारी सराव, कुक्कीवॉनच्या, म्हणजे तायक्वांदोच्या जागतिक मुख्यालयाच्या, पायऱ्यांवर सगळ्यांचा एकत्र फोटो, आणि वेळ उरला की खरेदी. हे लिहितेय ते उरलेल्या एका दुपारसाठी.

सांगलीत गेली चौदा वर्षं मी मुलींना तायक्वांदो शिकवते. नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी सांगायचे, ‘बाळा, ही दोन हजार वर्षांची विद्या आहे.’ मला माझ्या सरांनी तसंच सांगितलं होतं. लॉकडाउनमध्ये नीट वाचायला बसले तेव्हा कळलं, की तायक्वांदो हे नाव १९५५ सालचं, आणि सुरुवातीचे वर्ग काढणाऱ्यांपैकी बरेच जण जपानी कराटे शिकून आलेले. मन फार खट्टू झालं. इतक्या मुलींना मी डोळ्यांत डोळे घालून ऐकीव गोष्ट सांगत आले होते.

त्याच वाचनात सोंग दॉकगी भेटले. जन्म १८९३, सोलच्या साजिक-दोंग भागातला. पोरवयात ते इम हो नावाच्या गुरूंकडे तेक्क्योन शिकले. तेक्क्योन म्हणजे कोरियातला जुना लाथांचा खेळ. समोरच्याला पाडायचं किंवा डोक्याला पाय लावायचा, की जिंकलात. सतराव्या वर्षी त्यांनी देश जपानच्या ताब्यात गेलेला पाहिला. पुढे स्वातंत्र्य आलं, युद्ध झालं, आणि खेळ जाणणारे एकेक करून संपले. सोंग मात्र तो अंगात धरून राहिले. १९८३ साली सरकारने तेक्क्योनला राष्ट्रीय वारसा ठरवलं तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती. माझ्या वर्गाच्या भिंतीवर ऑलिम्पिक विजेत्यांचे फोटो आहेत, आणि ते मला प्रिय आहेत. पण अंग दुखत असताना, वर्गात तीनच मुली आलेल्या असताना, मला आठवतो तो हा माणूस.

आयोजकांना मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, मला साजिक-दोंगला जायचंय. ‘तिथे बघण्यासारखं काही नाही मॅडम,’ हे एकच उत्तर. इतका पैसा भरून परदेशी गेलेल्या शिक्षकांना बाजार दाखवायचा आणि खेळाचं मूळ दाखवायचं नाही, याचा मला अजून राग आहे. शेवटी आठव्या दिवशी दुपारी एकटीच निघाले.

मेट्रोच्या तीन नंबरच्या लाइनवर ग्योंगबोकगुंग स्टेशनला उतरले. तिथून साजिकदान, म्हणजे भूमी आणि धान्याच्या देवतांची जुनी वेदी, तिच्या शेजारून चढ लागतो. ग्रंथालय मागे टाकलं की इनवांगसान डोंगराच्या कुशीत एक लाकडी मंडप दिसतो. ह्वांगहाकजंग. कोरियाचा सम्राट गोजोंग याच्या हुकमाने १८९८ साली राजवाड्याच्या आवारात बांधलेला आणि १९२२ मध्ये इथे हलवलेला धनुर्विद्येचा मंडप. सोंग इथले तिरंदाजही होते. तेक्क्योनही ते याच डोंगराच्या परिसरात खेळले.

मंडपात सहा-सात माणसं होती, बहुतेक साठीच्या पुढची. समोर घळ आणि पलीकडे १४५ मीटरवर लक्ष्य. बाण सुटला की दिसेनासाच होतो. मग मनात दोन-तीन आकडे मोजावेत एवढ्या वेळाने पलीकडून ‘टक्’ असा आवाज येतो.

एक आजोबा पुढे आले. सत्तरी सहज उलटलेली, पाच बाण कमरेच्या पट्ट्यात खोचलेले. पहिला बाण लावण्याआधी त्यांनी मान लववली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाले. बाकीच्यांनीही हळूच उत्तर दिलं. मला वाटलं, प्रार्थना असेल. पुढच्या माणसानेही तेच केलं. त्याच्या पुढच्या बाईंनीही.

थोड्या वेळाने आजोबांनीच मला बाकावर बोलावलं आणि कागदी पेल्यात पाकिटातली गोड कॉफी करून दिली. मी मोबाइलवर भाषांतर लावून विचारलं, तुम्ही काय म्हणालात? त्यांनी मोबाइल तोंडाशी धरून सावकाश म्हटलं, ‘ह्वाल बेउम्निदा.’ पडद्यावर उमटलं: धनुष्य शिकतो आहे. आणि बाकीचे म्हणतात, ‘खूप नेम लागू देत.’ किती वर्षं शिकताय, असं विचारलं तर त्यांनी तीन बोटं दाखवली आणि मग त्या बोटांपुढे हवेत एक शून्य काढलं. तीस.

मला पुढे बोलता येईना. कॉफी हातात तशीच.

मग मी सोंग दॉकगींचं नाव घेतलं. आजोबांनी मान डोलावली, उठले आणि मंडपाच्या कडेला मातीत बुटाच्या टोकाने तीन ठिपके काढले. फुम्बाप्की! तेक्क्योनची पायचाल. त्रिकोणाच्या तीन टोकांवर गुडघा लवचिक ठेवून डुलत पाय टाकायचे. माझे आजोबा कोल्हापूरच्या तालमीत मर्दानी खेळ खेळायचे. हातात लाठी देण्याआधी ते आम्हाला महिनोन्‌महिने नुसते पवित्रे करायला लावत. मी त्या ठिपक्यांवर उभी राहिले आणि माझी तायक्वांदोची ताठ पावलं एकदम परकी वाटायला लागली. मंडपातल्या आजोबांनी माझ्या गुडघ्याकडे बोट केलं: सैल, अजून सैल.

तेक्क्योनच्या सामन्यात एक नियम आहे. आपला एक पाय प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्यात पुढे ठेवावाच लागतो. त्याला म्हणतात ‘देजॉप’, आणि त्या शब्दाचा अर्थ पाहुणचार. वाचलं होतं तेव्हा शब्द आवडला होता, एवढंच. तिथे त्या मातीत, अनोळखी माणसासमोर पाय पुढे टाकताना तो पायाला कळला.

परत यायला उशीर झाला, बस निघून गेली होती, बोलणी खावी लागली. खाल्ली. सोंग यांच्याकडून शिकून खेळाची शिस्तबद्ध मांडणी करणारे शिन हान-सुंग चुंगजू शहरात शिकवत. वयाने पस्तीस वर्षांनी लहान, पण १९८७ च्या जुलैत दोघेही गेले, शिष्य आधी आणि गुरू नंतर. चुंगजू या खेपेला राहिलं. पैसे साठले की विमानतळावरून थेट तिकडचीच बस धरणार आहे.