मडक्यातले आठ ओहम

काल दुपारी माळा आवरताना काकांचं मडकं सापडलं. तोंडावर उताणा बसवलेला सहा इंची स्पीकर, कडेनं दगड झालेलं एमसील, बुडाशी वायरीपुरतं भोक. मडक्यातला बास ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. लेक म्हणाली, "बाबा, चालत असेल तर स्वयंपाकघरात लावू या."

ओहम, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो तो आकडा, चुंबकावर लिहिलेला आणि चुंबक मडक्याच्या पोटात. मीटर लावला, ६.४ दाखवलं. म्हणजे आठाचाच. मीटर नेहमी थोडं कमीच सांगतो. मग पेन्सिल सेल लावून पाहिला. टक्! कागदी शंकू केसभर पुढे आला, धूळ उडाली. सेल उलटा धरला, तर आत गेला. हे मी पाच-सहा वेळा केलं. गरज एकदाच होती.

काकांचा ॲम्प्लिफायर पुण्यात बुधवार पेठेतून सुटे भाग आणून घरीच जोडलेला. पाठीवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्यावर २एन३०५५ ट्रान्झिस्टर, अगदी शंकरपाळ्यांच्या आकाराचे. एका गणपतीत काकांना वाटलं, आरती घरभर ऐकू गेली पाहिजे. पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि शेजारची ओटी असे चार स्पीकर त्यांनी लावले. लालला लाल, काळीला काळी, सगळ्या वायरी पिळून एकाच जागी. पहिल्या आरतीला काका नुसते घरभर फिरत होते. दुसरीला खर्रर्र झालं आणि जळक्या वार्निशचा वास सुटला. पुढची आरती टाळ-झांजांवर झाली. आजी म्हणाली, "आता कसे शब्द कळतायत!"

दुसऱ्या दिवशी मंडळाचा माईकवाला आला. झाकण उघडून त्यानं नुसतं च्यक् केलं. "काका, आठाचे चार असे लावलेत, दोन ओहम झाले. ह्याला कमीत कमी चार ओहम लागतात."

"आठ चोक बत्तीस होतात!"

"एकामागे एक लावले तर होतात."

मग त्यानं कालनिर्णयच्या पाठीवर आकृती काढली. दोन स्पीकर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, झाले सोळा. दुसरे दोन तसेच, तेही सोळा. ह्या दोन जोड्या पॅरललमध्ये, म्हणजे लालला लाल, काळीला काळी, की परत आठ. काका आकृतीकडे हातचलाखी बघितल्यासारखं बघत राहिले.

"मग चार लावून मिळालं काय?"

"ॲम्प्लिफायर वाचला असता."

"तुमच्या मंडपात बारा कर्णे लागतात ते?"

"त्यांच्या पाठीत ट्रान्सफॉर्मर असतो. शंभर व्होल्टची लाइन. तो धंदा वेगळा, काका."

मला हे सगळं पाठ आहे, पण पटलेलं अजून नाही. ओहम म्हणजे अडवणूक. चार वाटा उघडल्या की अडवणूक चौथाई, करंट चौपट आणि शंकरपाळ्या तळून निघतात. तरीसुद्धा दोन हा आकडा आठापेक्षा जड कसा, असं दरवेळी वाटतंच. शाळेत व्यस्त प्रमाणाच्या धड्याला मी गैरहजर होतो, त्याचं हे फळ असावं.

तर, माझ्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलंय: ए किंवा बी (स्पीकर जोडायच्या दोन जागा), ४ ते १६ ओहम. ए अधिक बी, ८ ते १६. हॉलमधले स्पीकर सहाचे आहेत. सहाला आठ पॅरलल म्हणजे पुरते साडेतीनही होत नाहीत. म्हणजे एकतर हॉल, नाहीतर स्वयंपाकघर.

"दोन्हीकडे एकदम का नाही?" लेकीनं विचारलं.

मी कालनिर्णय उलटा करून पेन शोधायला लागलो. तेवढ्यात ती ब्लूटूथचा डबा उचलून स्वयंपाकघरात गेलीसुद्धा.

मडकं टेबलावरच आहे. सेलही. टक्.