नवऱ्याच्या माहेरी सहा आठवडे

ऐन मे महिन्यात, हापूसच्या पेट्या उघडल्या की घरभर वास सुटतो त्या दिवसांत, आम्ही पुण्याहून निघतो. नवरा जर्मन. त्याचं माहेर (दुसरा शब्द मला सुचत नाही, त्यालाही हाच आवडतो) दक्षिण जर्मनीत श्वेबिश आल्बच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, बाड उराखजवळच्या एका खेड्यात. पहिल्या वर्षी मी सासूबाईंसाठी दोन डझन हापूस घेऊन निघणार होते. नवऱ्यानेच थांबवलं. युरोपीय संघात ताजी फळं न्यायची तर ती रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला लागतो. केळी, अननस, नारळ, खजूर अशा मोजक्या फळांना तेवढी सूट आहे. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तर नेताच येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, बर्फी सगळं बाद. आता आम्ही डब्यातला आमरस आणि बाकरवडी नेतो. आमरस ओमा (जर्मनमध्ये आजी), म्हणजे माझ्या सासूबाई, दह्यात घालून खातात. मी तिकडे बघत नाही.

कधी जावं, हा आमच्यासारख्यांचा पहिला घोळ. आपली सुट्टी एप्रिल-मे, फार तर जूनच्या मध्यापर्यंत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटी लागते ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे आपण तिथे पोचतो तेव्हा चुलत भावंडं शाळेत, आणि ती मोकळी होतात तेव्हा आपली मुलं चाचणी परीक्षेत. एक फट आहे, फिंग्स्टफेरिएन ही दोन आठवड्यांची सुट्टी. ती ईस्टरबरोबर पुढेमागे सरकते, पण मेअखेर ते जून या पट्ट्यात येते. तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघा. आमची लेक उरलेल्या दिवसांतले दोन आठवडे बहिणीबरोबर तिसरीच्या वर्गात जाऊन बसली. मुख्याध्यापकांना दोन महिने आधी पत्र लिहून विचारलं होतं. परवानगी देणं सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर, पण विचारायला काय जातं. सहा आठवड्यांत तिचं जर्मन जेवढं सुटलं, तेवढं बाबाच्या वर्षभराच्या गप्पांनी सुटलं नव्हतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे शेंगेन व्हिसा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मार्चपर्यंत थांबलात तर भेटीची वेळ मिळवताना घाम फुटेल. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडे सैल झालेत. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. म्हणून जुने पासपोर्ट टाकू नका. मुलांकडे जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते, आहे. लहान मुलांचा वेगळा पासपोर्ट जर्मनीने जानेवारी २०२४ पासून बंद केला. आता त्यांनाही मोठ्यांसारखाच काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. आणि परतीच्या प्रवासात ओसीआय कार्ड मोठ्या बॅगेत कोंबू नका, हाताशी ठेवा. मी हे का सांगते ते विचारू नका.

मुंबईहून फ्रँकफुर्टला उतरलात की विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून स्टुटगार्ट सव्वा तास, पुढे मेट्सिंगेन सुमारे पाऊण तास, आणि मग छोटी दोन डब्यांची गाडी एर्म्स नदीच्या काठाने उराखपर्यंत. गाडीला उशीर होणार हे धरूनच चाला, जोडगाड्यांमध्ये निदान पाऊण तास ठेवा. स्वस्तातलं तिकीट एका ठरावीक गाडीचंच असतं, पण मुक्कामी पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की त्याच तिकिटावर दुसरी गाडी पकडता येते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते फलाटावर रडकुंडीला येतात. स्टुटगार्टचं स्टेशन २०१० पासून खोदून ठेवलंय, तेव्हा फलाट बदलायला सामानासकट बरंच चालावं लागतं. चार मोठ्या बॅगांऐवजी दोन मोठ्या आणि पाठीवरच्या पिशव्या, एवढं ऐका.

महिनाभर राहणार असाल तर डॉइचलँडटिकिट घ्या. २०२३ च्या मेमध्ये ते महिना ४९ युरोंना सुरू झालं, नंतर दोनदा वाढलं, तरी परवडतं. देशभरातल्या लोकल, बस, ट्राम सगळ्यात चालतं. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत मात्र नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे मासिक वर्गणीचं तिकीट आहे, पुढच्या महिन्यापासून नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं, नाहीतर पुण्यात बसून पुढच्या महिन्याचेही पैसे भराल. आणि सहा वर्षांवरच्या मुलाचं तिकीट वेगळं. गंमत अशी की जलद गाड्यांत चौदा वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, फक्त त्यांची नोंद आपल्या तिकिटावर हवी.

आता घर. प्रेक्षणीय स्थळांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. सासरच्या जर्मन घरात सहा आठवडे काढायचे कसे, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली अडचण हाकेची. तिथे सून सासूला सरळ नावाने हाक मारते. मला ते जमेना. जर्मन मी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेली. ‘झी’ हे आदरार्थी, ‘डू’ हे आपल्यांसाठी, एवढं पाठ होतं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्यांना हाकच मारली नाही, बोलायचं असलं की उठून समोर जाऊन उभी राहायची. मूल झालं आणि प्रश्न सुटला, त्या माझ्याही ‘ओमा’ झाल्या. आपल्याकडे नाही का, ‘अहो, बंड्याची आई’.

दुसरी अडचण भाषेची. शिकलेली जर्मन तिथे अर्धीच चालते, कारण गावात बोलतात श्वेबिश, तिथली बोली. पुस्तकातलं ‘हेबन’ म्हणजे उचलणं. श्वेबिशमध्ये म्हणजे धरणं. सासरे चेरीच्या झाडाला लावलेल्या शिडीवर चढलेले, खाली मी. ते म्हणाले, शिडी ‘हेब’. मी उचलायला लागले. पुढे काय झालं ते घरात दर ख्रिसमसला सांगितलं जातं. आणखी दोन शब्द सांगून ठेवते: ‘टेपिश’ म्हणजे तिथे पांघरूण, गालिचा नव्हे, आणि ‘ब्युन’ म्हणजे माळा, रंगमंच नव्हे.

पण खरी अडचण आदरातिथ्याची. आपल्याकडे पाहुण्याने ‘नको’ म्हटलं तरी तिसऱ्यांदा वाढतात. तिथे एकदाच विचारतात. ‘नको’ म्हणालात तर भांडं उचलून ठेवतात आणि तुम्ही उपाशी. भूक असेल तर पहिल्याच फेरीत हो म्हणा. तसंच कामाचं. ‘मी काही करू का’ असं नुसतं विचारलंत तर ‘नको, बस’ असं उत्तर येतं, आणि ते मनापासूनचं असतं. पहिल्या वर्षी मी बसले. तीन आठवडे बसले. परकेपणाने जीव घुसमटला आणि दोष मी त्यांना देत राहिले. दुसऱ्या वर्षी जाऊबाईंनी कानमंत्र दिला: विचारू नकोस, एक काम स्वतःचं करून टाक.

मी केरवोखे घेतला. हा शब्द ऐकून मला हसू आलं होतं, कारण ‘केर’ आपलाच. जर्मनमध्ये ‘केरेन’ म्हणजे झाडणं आणि ‘वोखे’ म्हणजे आठवडा. श्वाबेन प्रांतात एका इमारतीतली घरं आळीपाळीने जिना, अंगण, समोरचा पदपथ झाडतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला ‘केरवोखे’ लिहिलेली पाटी टांगली जाते. ही शिस्त १४९२ च्या स्टुटगार्टच्या शहर-कायद्यापर्यंत मागे नेतात, काउंट एबरहार्डच्या काळातल्या. (हाच तो दाढीवाला एबरहार्ड, ज्याने १४७७ मध्ये ट्युबिंगेनचं विद्यापीठ काढलं. आणि याच्याच शिक्षेतून सुटायला उराखच्या बेकरीवाल्याने सूर्य तीनदा दिसेल असा पाव, म्हणजे ब्रेत्सेल, भाजला अशी दंतकथा आहे.) सासऱ्यांच्या घरात वर भाडेकरू, खाली हे. आमची पाळी आली की शनिवारी सकाळी मी जिना पुसते. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून बघतात. तिसऱ्या शनिवारी त्या पहिल्यांदा स्वतःहून बोलल्या: कोपऱ्यात पानं राहिलीत. त्या दिवसापासून मी गावातली झाले.

स्वयंपाकघरात शिरायचं तर दुपारच्या जेवणाला शिरा. संध्याकाळी तिथे ‘फेस्पर’: पाव, चीज, लोणच्याच्या काकड्या, थंड मांसाचे काप. चूल पेटत नाही, कुणाला गरम जेवणाची आठवणही होत नाही. शाकाहारी माणसाचं श्वाबेनात बरं निभतं. चीज घातलेले श्पेत्स्ले (अंड्या-पिठाच्या जाड शेवया) मिळतात आणि मेमध्ये पांढरं शतावर (अ‍ॅस्परॅगस), ज्याचा हंगाम २४ जूनला संपतो म्हणजे संपतो. माउलटाशन, म्हणजे सारण भरलेले पिठाचे तुकडे, मात्र विचारून खा, वरून मोदकासारखे निरागस दिसले तरी आत बहुधा मांस असतं.

आणि मसूर! लिन्झन मिट श्पेत्स्ले, म्हणजे शिजवलेले मसूर, शेवयांची जाडी भावंडं आणि बाजूला सॉसेज, हे तिथलं आपल्या वरणभातासारखं. आल्बच्या दगडगोट्यांच्या जमिनीत पूर्वी मसूर पिकायचे, विसाव्या शतकात पीक बंद पडलं आणि देशी वाणही हरवले. ते २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव बीजपेढीत सापडले. आता आल्बवर पुन्हा मसूर लावतात, ‘आल्ब-लाइझा’ नावाने विकतात, भाव ऐकून आपण दोन मिनिटं गप्प होतो. ओमा त्यात व्हिनेगर घालतात. मी एकदा चोरून जिऱ्या-लसणाची फोडणी दिली. सासऱ्यांनी दोनदा घेतलं. ओमांनी खिडकी उघडली. हिंगाला जर्मनमध्ये ‘टॉयफल्सड्रेक’ म्हणतात, सैतानाची विष्ठा. तेव्हा हिंग न्याच, पण दोन डब्यांत बंद करून, आणि फोडणी देण्याआधी बैठकीचं दार लावा. गोल बुडाची कढई नेऊ नका, त्यांच्या सपाट काचेच्या शेगडीवर ती नुसती डगमगते.

मेमध्ये चार सार्वजनिक सुट्ट्या धडकू शकतात, १ मे धरून, आणि काही गुरुवारी येतात. शुक्रवार जोडून सगळं गाव गायब. सुट्टीला आणि रविवारी दुकानं बंद, हिरवळ कापायची नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. दूध आणि डायपर शनिवारीच आणा. प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, ती यंत्रात परत मिळते. हे खातं मुलांकडे द्या, महिनाभराचं आइस्क्रीम सुटतं.

कपड्यांचं सांगायचं तर ‘उन्हाळा’ या शब्दावर विसंबू नका. मेच्या मध्यात ‘आइसहायलिगे’ येतात, पंचांगातले थंडीचे संत, आणि १५ तारखेची ‘थंड सोफी’ गेल्याशिवाय सासरे टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. स्वेटर हवाच. उलट जूनमध्ये तापलं तर घरात पंखासुद्धा नाही; सकाळी लवकर खिडक्या उघडून मग दिवसभर झडपा लावून अंधारात बसायचं. उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो. मुलांना झोपवायला त्याच झडपा कामी येतात.

गवतात खेळू द्या, पण रोज रात्री मुलांचं अंग तपासा: गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला. गोचीड असते, आणि हा सगळा भाग गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदुज्वराच्या धोक्याच्या पट्ट्यात येतो. लस आहे, निघण्याच्या काही महिने आधी डॉक्टरांशी बोला. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल वगैरे लावू नका. पुढच्या दिवसांत लाल कडं पसरताना दिसलं तर थेट डॉक्टर.

फिरण्याचं म्हणाल तर उराखचा ३७ मीटरचा धबधबा चालत गाठता येतो. ब्लाउबॉयरेनचा ब्लाउटोफ हा निळाशार झरा बघाच, शेजारच्या संग्रहालयात ४०,००० वर्षांपूर्वीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. उल्मच्या मिन्स्टर या भव्य चर्चच्या ७६८ पायऱ्या मी एकदा चढले, पुन्हा नाही. मधले तीन-चार दिवस मात्र तुम्ही दोघं-मुलं बाहेर कुठे तरी काढाच. घर सासऱ्यांचं आहे, त्यांनाही श्वास घेऊ द्या. आम्ही दर वर्षी चौथ्या आठवड्यात जातो, आणि परत येताना ओमा फाटकात उभ्या असतात.

निघायच्या आदल्या दिवशी त्या स्ट्रॉबेरी-रुबार्बचं ग्सेल्त्स, म्हणजे जॅम, बांधून देतात. हातातल्या बॅगेत नेऊ नका, सुरक्षा तपासणीत ते द्रव पदार्थात धरतात. मोठ्या बॅगेत मोज्यांत गुंडाळून ठेवा. सहा बरण्या असतात, प्रत्येकीवर वर्ष लिहिलेलं. वजनकाट्यावर बॅग तेवीस किलोंवर गेली तर बॅगेतून माझे कपडे काढले जातात, बरण्या नाही. आणि निरोप घेताना दर वर्षी तीच ताकीद: रिकाम्या बरण्या झाकणासकट परत आण.

चार धुऊन माळ्यावर ठेवल्यात. दोन अजून फ्रिजमध्ये आहेत.