पेल्यावरचा हात

न्यूयॉर्कला गेल्यावर स्टोनवॉल, म्हणजे १९६९ मध्ये समलिंगींचा उठाव झाला तो बार, पाहायचं हे कधीचं ठरलेलं होतं. पण माझा जीव अडकला तो तिथून जवळच, वेस्ट १०व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या ‘ज्युलियस’ या बारमध्ये.

आत अंधुक उजेड, जुना लाकडी बार, टेबलांऐवजी पिंपं, आणि तव्यावर चरचरणाऱ्या बर्गरचा वास. गल्लीतल्या माणसांनी संध्याकाळी टेकावं अशी जागा. भिंतीवर एक कृष्णधवल फोटो आहे. त्याच्यासमोर आम्ही दोघं बराच वेळ उभे होतो.

२१ एप्रिल १९६६. मॅटाशिन सोसायटी या समलिंगींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे डिक लाइट्श, क्रेग रॉडवेल आणि जॉन टिमन्स सूट-टाय घालून, पत्रकारांना बरोबर घेऊन निघाले. समलिंगी गिऱ्हाइकं जमली की ती जागा ‘बेशिस्त’ ठरायची, आणि परवाना जाईल या धास्तीनं बारवाले त्यांना हाकलायचे. आपण कोण आहोत ते सांगायचं, प्यायला मागायचं, आणि नकार मिळाला की दाद मागायची, असा यांचा बेत. पण पहिलं ठिकाण बंद निघालं, पुढच्या दोन ठिकाणी तर चक्क प्यायला मिळालं! वाटेत त्यांचा साथी कार्यकर्ता रँडी विकरही सामील झाला. शेवटी सगळे ज्युलियसला आले. समलिंगी लोक इथं आधीपासून येत, पण काही दिवसांपूर्वीच पोलिसांची धाड पडली होती. बारटेंडरनं पेला पुढे ठेवला, यांनी ‘आम्ही समलिंगी आहोत’ म्हटलं, आणि त्यानं पेल्यावर हात ठेवला. फ्रेड मॅकडाराच्या कॅमेऱ्यानं नेमका तो क्षण टिपला.

तो हात मी ओळखतो. पुण्यात घर भाड्यानं बघताना ‘दोघंच राहणार का?’ विचारून एका मालकानं पुढे केलेली किल्ली परत खिशात टाकली होती. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा, कलम ३७७ बाबतचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल तेव्हा लागून गेला होता, तरीही.

ज्युलियसमधल्या त्या नकाराची बातमी छापून आल्यावर तिथल्या दारू परवाना खात्यानं असा नियमच नसल्याचं सांगितलं. स्टोनवॉलचा उठाव व्हायला अजून तीन वर्षं होती. त्या उठावाचं नाव जगभर झालं, या चौघांचं फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. २०२२ मध्ये शहरानं ज्युलियसला वारसास्थळाचा दर्जा दिला, हे मात्र छान झालं.

आम्ही एक बर्गर दोघांत घेतला. बारटेंडरनं दोन पेले भरून समोर सरकवले आणि विचारलं, “बिल एकत्रच ना?”