दुसऱ्याच्या बागेतलं वनभोजन

आमच्या शाळेची सहल दरवर्षी शेतावर जायची, हे पुण्याकडच्या मित्रांना सांगितलं की त्यांना फार कौतुक वाटतं. मला हसू येतं. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं गाव, वर्गातली निम्मीअधिक पोरं शेतकऱ्यांची. रविवारी बापाबरोबर केळीला पाणी धरणारी. त्यांना सहलीला न्यायचं कुठे, तर केळीच्याच बागेत! तरी आदल्या रात्री कुणाला धड झोप लागत नसे. कारण बाग दुसऱ्याची असायची, आणि दुसऱ्याच्या बागेत काम करावं लागत नाही.

चंपाषष्ठी उलटली की वनभोजनाचा दिवस ठरायचा. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं गावात पुष्कळ. खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवला की मग मोकळीक. निघायचं पायीच, कानाला मफलर बांधून. वाटेत गुरुजी फैजपूरच्या 1936 च्या अधिवेशनाची गोष्ट सांगत. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. सातवीपर्यंत ती आम्हाला तोंडपाठ झाली होती. दरवर्षी गर्दीचा आकडा मात्र थोडा वाढलेला असायचा.

बागेच्या कडेला वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरी लावलेली. आत शिरलं की ऊन एकदम तुटायचं आणि पायाखाली काळी ओल लागायची. गुरुजी कापून पडलेलं एक खोड उचलून सोलत. एकेक पापुद्रा निघत जायचा. केळीला खरं खोड नसतंच, पानांचे देठच एकमेकांभोवती गुंडाळलेले असतात, हे ते दाखवत. विज्ञान तिथे संपायचं. पुढचा तास पोरांचा. गुरुजी घाटावरचे, बागेतलं त्यांना फारसं ठाऊक नव्हतं आणि विचारायला ते लाजत नसत.

"घड उतरल्यावर या झाडाचं काय करतात रे?"

"एकदाच येतो ना सर घड. मंग हे कापायचं न् बुडाशी फुटलेलं पील वाढवायचं."

हे सांगणारा पाढ्यांना नेहमी अंगठे धरून उभा असायचा. इथे मात्र पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग कोणती, पावसाळ्यानंतरची कांदेबाग कोणती, कोणतं पील ठेवायचं, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं कधी होतं, सगळं तो धडाधडा सांगायचा. गुरुजी मान डोलवत ऐकायचे. आमच्या पांढऱ्या सदऱ्यांवर तोवर केळीचा चीक लागलेला असायचा. तो डाग सदरा फाटेपर्यंत जात नाही.

पण खरी सहल भरिताचीच. आमच्याकडे शेतातलं भरीत पुरुषांनी करायचं, असा शिरस्ता. हिरवट पांढरी, हातात न मावणारी, कमी बियांची वांगी. त्यांना सुरीची टोचणी द्यायची, नाहीतर फुटतात. मग तुरीच्या वाळक्या काड्यांवर ढीग रचून पेटवून द्यायचं. सालं काळी पडून सुटली की गरमच सोलायची, लाकडी बडगीत घालून ठेचायची. फोडणीला हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे. वरून कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो घालणाऱ्यांशी मी अजूनही वाद घालतो. मिक्सरवाल्यांशी बोलतच नाही. केळीच्या पानावर भरीत, शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. डोळ्यांतून पाणी येत असतानाही हात पानाकडेच. बाई एरवी डब्यात सांडलं तरी रागवायच्या, त्या दिवशी स्वतःच म्हणायच्या, "घे रे अजून, लाजतो काय!" बागेचे मालक नाना पंगतीत फिरत आणि जाताना प्रत्येकाच्या हाती केळ्यांची एक फणी देत. ज्याच्या घरी केळी पोत्याने असायची, तोही ती छातीशी धरून नेई.

सोमवारी 'आमची सहल' हा निबंध ठरलेला. आम्ही सगळे पहाटे उठायचो, पक्षी किलबिलायचे, सूर्यनारायण उगवायचा. पिलाचं, चिकाचं कुणी लिहीत नसे. त्यात काय लिहायचं? एका वर्षी त्या पाढेवाल्याने दोनच ओळी लिहिल्या: "भरीत लई तिखट होतं. मी तीनदा घेतलं." गुरुजींनी त्याला दहापैकी आठ दिले, आणि आम्हा पक्षीवाल्यांना पाच.