काळी एकचा पंचम आणि जनरेटरची घूं

डिसेंबरात उघड्या मैदानावर मैफल असली की साउंडवाल्याला सुरांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. थंडीनं तंबोऱ्याच्या तारा आकसतात आणि चढतात. त्यातही पितळेची खरजाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार पोलादी जोडीपेक्षा (मधल्या दोन सा च्या तारांपेक्षा) जास्त आकसते, म्हणून ती आधी जागा सोडते. तबल्याचं बरोबर उलट. दव पडायला लागलं की पुडी ओल धरते आणि तबला उतरतो. पूर्वी हजार-हजार वॅटचे हॅलोजन डोक्यावर असायचे, स्टेज ऊबदार राहायचं आणि पुडी कोरडी राहायची. आता एलईडी दिवे आले, ती ऊब गेली. पेटी तेवढी जागच्या जागी असते. हे सगळं कलाकारांना माहीत असतं आणि ते लावून घेतात. पण स्टेजवर आणखी एक सूर असतो, विजेचा, म्हणजे स्पीकरमधून येणारी बारीक घूं, आणि तो लावून घेता येत नाही. तालुक्याच्या गावी एका शाळेच्या मैदानावर झालेल्या मैफलीत हा सूर असा काही लपला होता की तो प्रकार सविस्तर लिहून ठेवण्यासारखा आहे.

गायक पुरुष, पट्टी काळी एक (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा), दोन तंबोरे, तबला आणि पेटी. पुढच्या गाद्यांवर कॉलेजची मुलं बसणार होती आणि त्यातल्या बहुतेकांची ही पहिलीच मैफल होती. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांनी आजवर गाणं ऐकलेलं असतं ते फोनवर. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काही बाहेर पडत नाही. काळी एकच्या तंबोऱ्यात मात्र जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्झवर, पंचम १०३.९ वर आणि खरज ६९.३ वर असतो. म्हणजे फोनवर खरजातून निघणारा स्वयंभू गंधार ऐकू येतो, पण ज्याच्या पोटातून तो निघतो तो खरज येत नाही. तो अंगावर येतो प्रत्यक्ष मैफलीतच. म्हणून तंबोरा ‘मागे वाजतोय कुठेतरी’ असा ठेवणं मला पटत नाही.

प्रत्येक तंबोऱ्याला वेगळा कंडेन्सर माइक, घोडीपासून सहा ते आठ इंचांवर. त्याला मिक्सरकडून (सगळे माइक जिथं जोडतात त्या यंत्राकडून) ४८ व्होल्ट लागतात. गळ्याच्या माइकला ८० हर्ट्झखाली कट देतो, कारण गायक जवळ आला की खालचा आवाज फुगतो. तोच कट सवयीनं तंबोऱ्याला दिला तर खरज कापला जातो, तिथं तो ५० च्या वर नेत नाही. गळ्याला शुअरचा एसएम ५८ होता. हा माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर (कलाकाराला आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) त्याच्या बरोबर मागे ठेवायचा. हायपरकार्डिऑइड माइक (हा बरोबर मागून थोडं ऐकतो) असेल तर मॉनिटर थोडा बाजूला सरकवावा लागतो, नाहीतर शिट्टी मारतो. मागच्या लोकांसाठी तीस मीटरवर स्पीकरची आणखी एक जोडी होती. स्टेजचा आवाज तिथं पोचायला सुमारे ८८ मिलिसेकंद लागतात. त्यावर आणखी दहा-बारा मिलिसेकंद देऊन त्या जोडीचा आवाज रोखला, म्हणजे मागे बसलेल्यालाही गाणं स्टेजवरूनच येतंय असं वाटतं.

दुपारी तीनला सगळं जोडून, एकही वाद्य वाजत नसताना, स्पीकरपाशी कान लावून ऐकलं. शांत होतं. साडेचारला मंडळी आली आणि तंबोरे लावायला बसली. तेवढ्यात रेकॉर्डिंगवाली मुलं आली. मिक्सरचं एक रिकामं आउटपुट त्यांना दिलं, ते त्यांनी साध्या दोन तारांच्या केबलनं लॅपटॉपला जोडलं आणि लॅपटॉपचा चार्जर जवळच्या बोर्डात लावला. हा बोर्ड दिव्यांच्या लाइनवरचा होता. घूं तेव्हाच सुरू झाली होती. पण ती कुणालाच ऐकू आली नाही, बुवांनाही नाही, आणि त्याचं कारण मोठं विलक्षण आहे.

मैफल पूर्णपणे जनरेटरवर होती. मेकॅनिकल गव्हर्नरचा (वेग सांभाळणाऱ्या यांत्रिक भागाचा) जनरेटर भार कमी असताना थोडा जास्त वेगानं फिरतो. साडेचारला दिवे बंद होते, एलईडीची भिंत (स्टेजवरचा मोठा पडदा) बंद होती, पॅनेलवरचा काटा ५२ हर्ट्झ दाखवत होता. विजेची घूं नुसत्या त्या आकड्यावर नसते, तिच्यात दुप्पट-तिप्पट पटीही असतात. ५२ ची दुप्पट १०४. मॉनिटरचा बारा इंची स्पीकर पन्नासच्या आसपास फारसं वाजवत नाही, शंभरचं मात्र चोख वाजवतो. आणि काळी एकचा मंद्र पंचम आहे १०३.९! म्हणजे चार्जरची घूं तंबोऱ्याच्या पंचमाला तंतोतंत मिळालेली होती. उलट तंबोरे जास्तच भरलेले वाटत होते. बुवांनी मान डोलावली, साउंड चेक संपला.

सहाच्या सुमाराला अंधार पडला. दिवे लागले, भिंत लागली, बाहेरच्या चहा-वड्याच्या स्टॉलचीही लाइन त्याच जनरेटरवर आली. भार वाढला तसा काटा ५० वर उतरला आणि घूं १०४ वरून १०० वर आली. पंचम होता तिथंच. आता दोघांत सेकंदाला चार लाटांचा फरक पडला. ही घूं इतकी बारीक की ‘आवाज येतोय’ असं कुणी म्हणणार नाही. ऐकणाऱ्याला फक्त तंबोरा लागत नाही असं वाटतं.

बुवांनी यमनचा आलाप सुरू केला आणि पाचेक मिनिटांत थांबले. मागे वळून शिष्याला म्हणाले, “पंचम बघ रे जरा.” त्यानं मणी सरकवून बघितला, जवारीचा दोरा हलवून बघितला. तार अचूक होती. पेटीवाल्यांनी पंचम धरून दाखवला, तोही मिळत होता. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. “तार बरोबर आहे, पण दुसराच कुठला तरी पंचम वाजतोय,” म्हणाले. समोरची मुलं गोंधळून एकमेकांकडे बघत होती.

मी स्टेजच्या कडेला गेलो आणि दोन्ही तंबोऱ्यांच्या तारांवर तळहात ठेवायला सांगितलं. तारा थांबल्या, आणि मॉनिटरमधून तो उतरलेला पंचम एकटा वाजत राहिला. मारवा राग असता तर तो आधीच उघडा पडला असता. मारव्यात पंचम वर्ज्य, पहिली तार निषादाला किंवा धैवताला लावतात, मग घूंला लपायला जागाच उरली नसती.

अशा वेळी पहिला मोह होतो तो ग्राफिक इक्वलायझरवरची (आवाजाचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावरची) १०० ची पट्टी खाली ओढण्याचा. ओढली की घूं जाते हे खरं. पण १०३.९ चा पंचमही तिच्याबरोबर जातो, डग्ग्याचं अंगही जातं, आणि मैफलीचा पाया कापून गाणं उभं करावं लागतं. घूं कुठून शिरते ते शोधून तिथंच तोडायला हवी. फोनवरच्या स्पेक्ट्रमवर (आवाजातले सूर रेषांनी दाखवणाऱ्या आलेखावर) १०० आणि १०४ वेगळे दिसायचे असतील तर ८१९२ नमुन्यांचा हिशेब पुरत नाही, त्यात दोन रेषांमधलं अंतरच पाच हर्ट्झच्या वर असतं. ३२७६८ वर न्यावं लागतं. तेवढा वेळ नव्हता आणि गरजही नव्हती, कान पुरेसा होता.

हेडफोनवर एकेक चॅनेल ऐकला. सगळे स्वच्छ. सगळे फेडर (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) खाली घेतले तरी घूं तेवढीच. म्हणजे ती माइकातून येत नव्हती, मिक्सरच्या बाहेर पडण्याच्या बाजूला शिरत होती. अँप्लिफायर खाली घेतले, कारण चालू अँप्लिफायरवर पिन उपसली तर धाडकन आवाज होतो आणि स्पीकर जाऊ शकतो. मग आउटपुट एकेक काढत गेलो. रेकॉर्डिंगची पिन काढली आणि घूं गप्प झाली.

कारण सरळ होतं. मिक्सर एका बोर्डावर, लॅपटॉप दुसऱ्या, तोही दिव्यांच्या लाइनवरचा. चार्जरमधून थोडा प्रवाह गळतोच. त्याला केबलच्या जाळीतून मिक्सरच्या अर्थिंगपर्यंत (जमिनीला जोडलेल्या तारेपर्यंत) वाट मिळाली. अशा वेळी काही जण थ्री-पिनची अर्थची पिनच तोडून टाकतात. घूं बंद होते, पण मग उपकरणात काही बिघडलं तर वीज माइकातून गायकाच्या ओठापर्यंत येते. हे कधीही करू नये. योग्य उपाय म्हणजे त्या लाइनमध्ये एकास एकचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणं. आवाज पलीकडे जातो, तारेचा थेट संबंध राहत नाही. असे दोन ट्रान्सफॉर्मर पेटीत असतात. एक घातला, लॅपटॉपचा चार्जर साउंडच्या बोर्डावर आणला आणि अँप्लिफायर हळूहळू वर घेतले.

एवढ्या वेळात तबला दवानं उतरलाच होता. तबलजींनी हातोडी घेतली, आधी गट्टे (वाद्यांमधले लाकडी ठोकळे) थोडे खाली सारले, मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर) फिरत घर-घर मिळवलं. तंबोरे पुन्हा सुरू झाले. आता त्यांच्यात दुसरा कुठला सूर मिसळत नव्हता. बुवांनी नुसता पंचम लावला आणि तो धरून ठेवला, त्यात खरजाचा गंधार वर उमटायला लागला आणि पुढच्या गाद्यांवरची कुजबूज थांबली. रात्री दहाची मर्यादा असल्यामुळे बडा ख्याल थोडा आवरता घ्यावा लागला, पण भैरवी दहाच्या आत झाली.

त्या दिवसापासून आयोजकांना पाठवायच्या कागदात दोन ओळी वाढवल्या आहेत. रेकॉर्डिंग, कॅमेरा, लॅपटॉप, मिक्सरला जे जे जोडायचं त्याची वीज साउंडच्याच बोर्डावरून घ्यायची. आणि कलाकार लावून उठले की मैदानावरचे सगळे दिवे, भिंत, स्टॉल पूर्ण भाराने लावून, तंबोरे हातानं थांबवून, दोन मिनिटं नुसतं ऐकायचं. पट्टी काळी एक असेल तर पंचमाकडे, आणि काळी पाच असेल तर धैवत आणि कोमल निषादाच्या मधे कान लावायचा, कारण शंभरची घूं तिथं पडते.