कॅथकिन पार्क : थर्ड लॅनार्कचे मैदान

ग्लासगोला फुटबॉलच्या ओढीने जाणारी बहुतेक मंडळी सेल्टिक आणि रेंजर्स या दोन क्लबांची मैदाने पाहून परततात. मला मात्र शहराच्या दक्षिण भागातले कॅथकिन पार्क पाहायचे होते, कारण १९६७ साली बंद पडलेल्या थर्ड लॅनार्क या व्यावसायिक क्लबचे हे मैदान आजही जागेवर आहे. ग्लासगो सेंट्रलहून लोकल गाडीने माउंट फ्लोरिडा स्थानकावर उतरलो आणि जुन्या दगडी इमारतींच्या रस्त्याने चालत तिथे पोहोचलो. आता ही सार्वजनिक बाग असल्यामुळे आत जायला तिकीट लागत नाही. कुत्री फिरवायला आलेले लोक, पळणारी मुले आणि मधोमध गोलपोस्ट उभे असलेले हिरवे मैदान, एवढेच प्रथम दिसते.

मैदानाच्या कडेच्या चढाकडे वळले की खरी जागा समोर येते. तीन बाजूंना काँक्रीटच्या पायऱ्या अजून शाबूत आहेत. त्या काळी प्रेक्षक बसून नव्हे, तर या पायऱ्यांवर दाटीवाटीने उभे राहून सामना पाहत, आणि मागून येणाऱ्या रेट्यात पुढचे लोक चेंगरू नयेत म्हणून मधूनमधून लोखंडी कठडे रोवलेले असत. त्यांतले बरेच कठडे अजून उभे आहेत. मी वरच्या पायरीपर्यंत चढून गेलो. शेवाळलेल्या काँक्रीटमधून झाडे इतकी वाढली आहेत, की काही ठिकाणी खोडाने पायरीची कड उचलून बाजूला सारली आहे. १९५४ साली रेंजर्सविरुद्धच्या चषक सामन्याला याच पायऱ्यांवर ४५,००० हून अधिक माणसे होती.

क्लबचा जन्म सैनिकांच्या तुकडीतून झाला. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत, एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर, स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला, पण शहरात खेळाचे वारे शिरले आणि पुढच्याच महिन्यात थर्ड लॅनार्कशायर रायफल व्हॉलंटियर्स या पलटणीच्या जवानांनी स्वतःचा संघ उभा केला. १८९० साली स्कॉटिश लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या संस्थापक क्लबांमध्ये थर्ड लॅनार्क होता.

या मैदानाचा इतिहास क्लबच्या तिथल्या मुक्कामापेक्षा जुना आहे आणि मला तोच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. इथे आधी क्वीन्स पार्क हा क्लब खेळत असे आणि जागेचे नाव होते हॅम्पडेन पार्क. १८८९ साली थर्ड लॅनार्कने आपला पहिला स्कॉटिश चषक जिंकला, तोही इथेच. सेल्टिकविरुद्धची ती अंतिम लढत ३-० अशी जिंकूनही, बर्फाने झाकलेल्या मैदानामुळे ती ग्राह्य धरली गेली नाही. आठवड्याने पुन्हा खेळावे लागले आणि थर्ड लॅनार्कने २-१ असा विजय पुन्हा मिळवला. क्वीन्स पार्क १९०३ साली जवळच बांधलेल्या नव्या हॅम्पडेनमध्ये गेला, तेव्हा ही जागा थर्ड लॅनार्ककडे आली आणि ‘न्यू कॅथकिन पार्क’ झाली. त्याच हंगामात, १९०४ साली, क्लबने लीगचे विजेतेपद पटकावले. १९०५ साली रेंजर्सला हरवून दुसरा चषकही आणला.

त्यानंतर असे वैभव पुन्हा लाभले नाही, तरी क्लब कुणाच्या खिजगणतीत नाही अशी अवस्थाही आली नव्हती. १९६०-६१ च्या हंगामात तर संघाने लीगमध्ये १०० गोल केले आणि तिसरे स्थान मिळवले. शेवटच्या सामन्यात हिबर्नियनचा ६-१ असा धुव्वा उडवून शंभरी गाठली गेली. अ‍ॅलेक्स हार्ली आणि डेव्ह हिली ही त्या संघातली गाजलेली नावे. पुढे दोघेही इंग्लंडमधल्या क्लबांकडे गेले. अवघ्या चार वर्षांनी, १९६४-६५ मध्ये, याच क्लबला ३४ सामन्यांपैकी केवळ ३ जिंकता आले आणि तो खालच्या श्रेणीत घसरला.

ही घसरण मैदानावर सुरू झाली नाही, असे माझे ठाम मत आहे. अध्यक्ष बिल हिडलस्टन यांच्या कारकिर्दीत चांगले खेळाडू विकले गेले आणि प्रेक्षक पाठ फिरवू लागले. २८ एप्रिल १९६७ रोजी डम्बार्टनकडून ५-१ असा पराभव झाला, तो क्लबचा अखेरचा सामना. त्याच उन्हाळ्यात क्लब दिवाळखोरीत निघाला. नंतर सरकारी चौकशी झाली, कारभारावर कडक ताशेरे ओढले गेले आणि चार माजी संचालकांना दंड झाला. हिडलस्टन त्याआधीच मरण पावले होते. मैदानाची जमीन मात्र इमारतींच्या घशात गेली नाही, खेळ आणि विरंगुळ्यासाठी ती राखली गेली. त्यामुळेच त्या पायऱ्या आज आपल्याला पाहायला मिळतात. ९५ वर्षे चाललेली संस्था मूठभर लोकांच्या बेजबाबदारपणाने संपावी, याचा तिथे उभे असताना मनापासून राग येतो.

तिकडे जाणाऱ्यांनी एक क्रम जरूर पाळावा. प्रथम क्रॉसहिलजवळचे लॉन बोलिंग (हिरवळीवर गोळे घरंगळवण्याचा खेळ) क्लबचे हिरवळ मैदान पाहावे. क्वीन्स पार्कचे सर्वांत पहिले हॅम्पडेन तिथे होते आणि या बोलिंग क्लबच्या भिंतीवर १८८२ साली स्कॉटलंडने इंग्लंडवर मिळवलेल्या ५-१ अशा विजयाचे मोठे चित्र रंगवलेले आहे. मग कॅथकिन, म्हणजे दुसरे हॅम्पडेन, आणि शेवटी आजचे हॅम्पडेन व तिथले फुटबॉल संग्रहालय. तिन्ही जागा पायी फिरता येतात. संग्रहालयाची वेळ आधी पाहून ठेवावी आणि कॅथकिनसाठी सवड हाताशी ठेवावी, कारण पायऱ्या निसरड्या आहेत आणि घाईने उतरण्यासारख्या नाहीत.