रांजणाच्या तळाशी

जानेवारीत कुकडीचं पाणी खाली गेलं की मी भूशास्त्राच्या मुलांना निघोजला नेते. एका काठावर पारनेर तालुक्यातलं निघोज, समोर शिरूरमधलं टाकळी हाजी, आणि मधे नदीनं काळ्या कातळात कोरलेली घळ. दोन्ही काठांवर मळगंगेचं देऊळ. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलेलं नाही ना, हे विचारल्याशिवाय मी कुणालाही खडकावर उतरू देत नाही.

यंदा थंडी चांगलीच बोचत होती. उतरताना मुलांनी निर्गुडीची पानं चुरगळून हुंगली. टाकळ्याच्या वाळक्या शेंगा पायाशी खुळखुळत होत्या. खाली मी भिंगातून बेसॉल्टमधले पांढरे ठिपके दाखवले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं भरली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे बुडबुडे! दरवर्षी सांगते आणि दरवर्षी माझ्याच अंगावर काटा येतो.

खरे रेंगाळलो ते एका कोरड्या रांजणखळग्याशी. कमरेइतका खोल. तळाला वाळू, सात-आठ गुळगुळीत गोटे आणि वाळूत रुजलेलं उंबराचं वीतभर रोप. एक मुलगा आत उतरला आणि त्यानं एक गोटा उचलला. त्याला तो घरी न्यायचा होता.

"आधी भिंतीवरून हात फिरव. कशी लागते?"

"मॅडम, आजीच्या उखळासारखी."

मग मुसळ कोणतं, हे सांगावं लागलंच नाही; तो हातातल्या गोट्याकडे बघत राहिला. पुरात पाणी भोवरा धरतं, गोटे गरगर फिरवतं. ते कातळ घासतात, घासता घासता स्वतः झिजतात, आणि नदी वरून नवे आणून टाकते. शेजारशेजारच्या दोन रांजणांमधली भिंत झिजत झिजत पातळ होते, एका पुरात फुटते. असे खळगे एकमेकांत मिळतात आणि घळ खोल होत जाते. पावसाळ्यात यातलं काही दिसत नाही. हिवाळ्यात मात्र नदीची हत्यारं अशी उघडी पडलेली असतात.

मुलानं गोटा परत ठेवला, रोपाला लागू न देता.

"मॅडम, हे उंबर जगेल?" वरून एकीनं विचारलं.

"पूर येईपर्यंत. गोटे फिरायला लागले की नाही टिकणार."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग पट्टी घेऊन खाली उतरली, रोपाची उंची मोजली आणि वहीत त्याचं चित्र काढायला लागली. बाकीची मुलं पुढे गेली. मी तिच्यापाशी थांबले.